तिरकी ट्रॉली, तिरकी चौकट : गेममध्ये टक्कर ओळखण्याची रीत

दिवाळीनंतर यवतमाळकडच्या कोणत्याही जिनिंगच्या आवारात सकाळी गेलात, तर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या वजनकाट्याच्या वाटेवर रांगेत उभ्या दिसतात. रांग म्हणायची एवढेच, कारण एकही ट्रॉली सरळ उभी नसते. एखादी काट्यावर चढण्यासाठी अर्धी वळलेली असते, एखादी मागे घेताना हुकापाशी मुडपलेली असते आणि दोघींच्या मधून रिकामी बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकणारा कास्तकार वाट काढत असतो. माझ्याकडे संध्याकाळी प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांनी पहिला गेम म्हणून हेच आवार निवडले. ट्रॅक्टर चालवायचा आणि कोणालाही न घासता ट्रॉली काट्यावर न्यायची, एवढाच खेळ. चित्रे दोन दिवसांत तयार झाली, ट्रॅक्टर पळू लागला, आणि मग प्रत्येक नवशिक्याला गाठणारा प्रश्न समोर आला : वळलेल्या दोन वस्तू एकमेकींना लागल्या की नाही, हे संगणकाला कसे कळावे?

हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर पायरीपायरीने देण्यासाठी आहे. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती आणि बेरीज-गुणाकार एवढ्या शिदोरीवर तो समजेल. आम्ही पायथन ही भाषा आणि तिच्यात गेम करण्याचे पायगेम हे साधन वापरतो, परंतु इथले गणित कोणत्याही भाषेत जसेच्या तसे चालते.

सरळ चौकट कुठे फसते

टक्कर ओळखण्याची सर्वांत सोपी रीत अशी की प्रत्येक वस्तूभोवती एक आयताकृती चौकट कल्पायची, जिच्या बाजू पडद्याच्या कडांना समांतर असतात. अशा दोन चौकटी आडव्या दिशेने आणि उभ्या दिशेनेही एकमेकींवर आल्या असतील तरच टक्कर झाली, असे समजायचे. पायगेममधील रेक्ट ही अशीच चौकट असून ती कधीच वळत नाही. तुम्ही ट्रॉलीचे चित्र फिरवून त्याची रेक्ट मागितली, तर पायगेम फिरलेल्या चित्राला पूर्ण सामावून घेणारी नवी, मोठी, सरळ चौकट हाती देतो. नवशिक्याला वाटते की चौकटही चित्राबरोबर फिरली. प्रत्यक्षात ती फक्त फुगलेली असते.

किती फुगते ते आकड्यांत पाहू, कारण हेच आकडे पुढे शेवटपर्यंत वापरायचे आहेत. आपली ट्रॉली १६० पिक्सेल लांब आणि ६० पिक्सेल रुंद आहे, तिचा मध्यबिंदू (४००, ३००) येथे आहे आणि ती ३० अंशांनी वळलेली आहे. तिच्याभोवतीची सरळ चौकट सुमारे १६९ बाय १३२ पिक्सेल होते, म्हणजे ट्रॉलीच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून मोठी. आता १०० पिक्सेल लांब आणि ४० पिक्सेल रुंद अशी एक बंडी, अजिबात न वळलेली, मध्यबिंदू (५००, २५०) येथे ठेवा. सरळ चौकटींच्या हिशेबाने या दोघींची टक्कर झालेली आहे. पडद्यावर मात्र दोघींच्या मध्ये मोकळी जागा स्वच्छ दिसते. खेळणाऱ्याने बंडी नीट वाचवलेली असताना गेम त्याला हरवतो, आणि अशा गेमवरचा त्याचा विश्वास लगेच उडतो.

चौकटीऐवजी वर्तुळ घेऊन पाहण्याचा मोह होतो. ट्रॉलीला सामावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ८५.४ आणि बंडीच्या वर्तुळाची सुमारे ५३.९ येते, बेरीज १३९.३ होते, आणि दोन मध्यबिंदूंतील अंतर सुमारे १११.८ आहे. म्हणजे वर्तुळेही टक्कर झाली असेच सांगतात. लांबट वस्तूंसाठी वर्तुळ हे सैल माप आहे. ते टाकून मात्र देऊ नका, पुढे त्याचा उपयोग आहे.

टक्कर नव्हे, फट शोधायची

आता विचाराची दिशा बदलू. दोन आडव्यातिडव्या वस्तू कुठे लागल्या हे शोधू गेलात, तर याचा कोपरा त्याच्या बाजूला लागला का, त्याची कड याच्या कडेला छेदते का, एक दुसऱ्याच्या पूर्ण आत तर नाही ना, अशी प्रकरणे वाढतच जातात. त्याऐवजी उलटा प्रश्न विचारावा : या दोघांच्या मधून आरपार दिसेल अशी एक तरी सरळ फट आहे का? एक फट सापडली की टक्कर नाही, आणि तपासणी तिथेच थांबवता येते. कोणत्याही दिशेने फट सापडत नसेल, तर टक्कर नक्की आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना हे आगपेट्यांनी समजते. सायंकाळी सूर्य खाली आला की ओट्यावर एक पाट ठेवायचा, त्यावर दोन आगपेट्या तिरक्या मांडायच्या आणि त्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर पडू द्यायच्या. दोन सावल्यांच्या मध्ये उन्हाची एक उभी पट्टी दिसली, तर आगपेट्या एकमेकींपासून सुट्या आहेत. पट्टी दिसली नाही तर लगेच निर्णय देता येत नाही. पाट थोडा फिरवून दुसऱ्या दिशेने पाहावे लागते. आगपेट्या अगदी जवळ असल्या तरी सुट्या असतील, तर पाट फिरवता फिरवता कुठेतरी ती उन्हाची रेघ चमकतेच. हा प्रयोग टॉर्चने करू नका, कारण टॉर्चचे किरण पसरत जातात आणि सावली खोटी, फुगलेली पडते. उन्हाचे किरण जवळजवळ समांतर असतात, आणि आपल्याला समांतर किरणांचीच सावली हवी आहे. गणितात या सावलीला प्रक्षेप म्हणतात आणि ती ज्या रेषेवर मोजतो तिला अक्ष.

या विचारामागचे गणित जुने आहे. दोन बहिर्वक्र आकृत्या एकमेकींना छेदत नसतील तर त्यांना वेगळे करणारी रेषा असतेच, हा सिद्धांत हर्मन मिंकोव्हस्की या गणितज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे आणि गेमच्या जगात तो सेपरेटिंग अॅक्सिस थिअरम म्हणून ओळखला जातो. बहिर्वक्र म्हणजे जिच्यात आत वळलेली खाच नाही अशी आकृती. आयत बहिर्वक्र असतो, म्हणून आपले काम निर्धास्त चालते.

राहिला प्रश्न असा की पाट किती वेळा फिरवायचा? दिशा तर असंख्य आहेत. इथेच या रीतीचे खरे सौंदर्य आहे. दोन बहिर्वक्र बहुभुज सुटे असतील, तर त्यांना वेगळे करणाऱ्या रेषांपैकी एक तरी त्या दोघांपैकी कोणाच्या तरी एका बाजूला समांतर असते. आयताच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असल्यामुळे एका आयताला दोनच वेगळ्या दिशा असतात. दोन आयतांच्या मिळून चार. चार दिशांनी पाहिले की पुरे, पाचव्या दिशेची गरजच नाही.

चौकट कशी साठवावी

प्रत्येक वस्तूसाठी चारच गोष्टी लक्षात ठेवायच्या : मध्यबिंदू, अर्धी लांबी, अर्धी रुंदी आणि कोन. पूर्ण लांबीऐवजी अर्धी ठेवण्याचे कारण असे की सगळी मोजमापे मध्यापासून करायची आहेत. आपल्या ट्रॉलीसाठी हे आकडे ८० आणि ३०, बंडीसाठी ५० आणि २०.

कोनावरून वस्तूच्या स्वतःच्या दोन दिशा काढायच्या. पहिली, लांबीची दिशा, म्हणजे (कोसाइन, साइन) ही जोडी. दुसरी, रुंदीची दिशा, म्हणजे (उणे साइन, कोसाइन). ३० अंशांसाठी लांबीची दिशा (०.८६६, ०.५) आणि रुंदीची दिशा (−०.५, ०.८६६) येते. बंडी वळलेली नसल्यामुळे तिच्या दिशा (१, ०) आणि (०, १). याच त्या चार दिशा.

इथे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पायथनमधील साइन आणि कोसाइन कोन रेडियन या दुसऱ्या एककात मागतात, तर चित्र फिरवणारे पायगेमचे फंक्शन अंश मागते. ही चूक निदान लगेच दिसते, कारण ट्रॉली भलतीकडेच तोंड करते. दुसरी चूक लपून राहते. पडद्यावर वाय अक्ष खाली वाढत असल्यामुळे वरच्या सूत्रातील धन कोन वस्तूला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवतो. पायगेम मात्र धन कोनाला चित्र उलट दिशेने फिरवतो. म्हणून चित्र फिरवताना कोनाचे चिन्ह बदलून द्यावे लागते. हे लक्षात यायला मला स्वतःला एक पूर्ण रविवार लागला. मी ट्रॉली आडवी आणि उभी ठेवूनच तपासत होतो, आणि आयत ९० अंशांनी डावीकडे वळवला काय किंवा उजवीकडे वळवला काय, त्याची चौकट तीच राहते, त्यामुळे चूक दिसतच नव्हती. ३० अंशांवर ठेवताच चित्र एकीकडे आणि चौकट दुसरीकडे, अशी कात्रीसारखी आकृती पडद्यावर आली.

म्हणून माझा आग्रह आहे की टक्कर तपासण्याआधी चौकट लाल रेषेने पडद्यावर काढावी. मध्यबिंदूपासून लांबीच्या दिशेने अर्धी लांबी आणि रुंदीच्या दिशेने अर्धी रुंदी चालले की एक कोपरा मिळतो. अधिक-उणे चिन्हे बदलून बाकीचे तीन मिळतात. आपल्या ट्रॉलीचा पुढचा उजवा कोपरा (४५४.३, ३६६.०) येथे यायला हवा. तो तिथे आला आणि लाल रेघ चित्राच्या कडेवर नेमकी बसली, की अर्धे काम झाले.

सावली मोजणे

एका दिशेवर सावली मोजण्यासाठी डॉट प्रॉडक्ट लागतो. नाव परके असले तरी कृती साधी आहे : दोन जोड्यांचे एक्स गुणायचे, वाय गुणायचे आणि बेरीज करायची. त्यातली एक जोडी म्हणजे जिची लांबी १ आहे अशी दिशा असेल, तर उत्तर म्हणजे दुसऱ्या जोडीची त्या दिशेवरची सावली.

प्रत्येक दिशेसाठी तीन आकडे काढायचे. पहिला, दोन मध्यबिंदूंतील अंतराची सावली. चिन्ह सोडून द्यायचे. दुसरा आणि तिसरा, प्रत्येक चौकटीच्या सावलीची अर्धी लांबी. ती अशी निघते : चौकटीच्या लांबीच्या दिशेचा आणि अक्षाचा डॉट प्रॉडक्ट घ्यायचा, चिन्ह काढायचे, अर्ध्या लांबीने गुणायचे, तसेच रुंदीचे करायचे, दोन्ही मिळवायचे. मध्यबिंदूंच्या अंतराची सावली या दोन अर्ध्या सावल्यांच्या बेरजेपेक्षा मोठी असेल, तर मध्ये फट आहे.

प्रत्यक्ष करून पाहू. ट्रॉलीच्या मध्यापासून बंडीच्या मध्यापर्यंतचे अंतर (१००, −५०) आहे.

ट्रॉलीच्या लांबीची दिशा घेतली, तर या अंतराची सावली १०० गुणिले ०.८६६ उणे ५० गुणिले ०.५, म्हणजे ६१.६ येते. ट्रॉलीची अर्धी सावली ८०, कारण दिशा तिचीच आहे. बंडीची अर्धी सावली ५० गुणिले ०.८६६ अधिक २० गुणिले ०.५, म्हणजे ५३.३. बेरीज १३३.३. ती ६१.६ पेक्षा मोठी असल्यामुळे सावल्या एकमेकींवर आहेत, फट नाही. पुढची दिशा पाहायची.

ट्रॉलीच्या रुंदीची दिशा घेतली, तर अंतराची सावली −५० उणे ४३.३, म्हणजे चिन्ह सोडून ९३.३. ट्रॉलीची अर्धी सावली ३०. बंडीची ५० गुणिले ०.५ अधिक २० गुणिले ०.८६६, म्हणजे ४२.३. बेरीज ७२.३. ही ९३.३ पेक्षा लहान आहे, म्हणजे २१ पिक्सेलची फट सापडली. टक्कर नाही, आणि बंडीच्या दोन दिशा पाहण्याची आता गरजच उरली नाही. ज्या ठिकाणी सरळ चौकट आणि वर्तुळ दोन्ही फसले होते, तिथे दुसऱ्याच दिशेला खरे उत्तर मिळाले.

हा हिशेब एकदा वहीवर स्वतःच्या हाताने करावा, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे भारनियमनात तो वेळ आपोआपच मिळतो. कागदावर एकदा जमलेले गणित प्रोग्रॅममध्ये चुकले, तर कुठल्या ओळीत चुकले हे आकडे ताडून चटकन सापडते.

टक्कर झाल्यावर वस्तू दूर कशी सारावी

टक्कर झाली एवढे कळून भागत नाही. दोन वस्तू एकमेकींत घुसलेल्या राहिल्या तर पुढच्या फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नव्याने काढल्या जाणाऱ्या पुढच्या चित्राला, पुन्हा टक्कर होते आणि ट्रॅक्टर जागीच थरथरत राहतो. चारही दिशा तपासताना अर्ध्या सावल्यांच्या बेरजेतून अंतराची सावली वजा केली की त्या दिशेने किती घुसखोरी झाली हे कळते. चारांपैकी जिथे घुसखोरी सर्वांत कमी, ती बाहेर पडण्याची सर्वांत जवळची वाट.

बंडी आता (४६०, २९०) येथे आली आहे असे समजा. चार दिशांतील घुसखोरी अनुक्रमे सुमारे ८६.३, ३३.७, ७४.३ आणि ७६.० येते. सर्वांत कमी ३३.७, ट्रॉलीच्या रुंदीच्या दिशेने. मध्यबिंदूंच्या अंतराचा त्या दिशेशी डॉट प्रॉडक्ट ऋण असल्यामुळे बंडी त्या दिशेच्या उलट बाजूला सारायची : उजवीकडे सुमारे १७ आणि वर सुमारे २९ पिक्सेल. चिन्ह तपासायला विसरलात, तर बंडी ट्रॉलीच्या आणखी आत ओढली जाते. ट्रॉली भिंतीला लागली असेल, तर अर्थातच भिंत हलवायची नाही, सगळे अंतर ट्रॉलीलाच सारायचे.

दोन वस्तू अगदी चिकटून उभ्या असतील, तर दशांशांच्या बारीक चुकांमुळे एका फ्रेमला टक्कर आणि दुसऱ्या फ्रेमला नाही, असे होऊ शकते. घुसखोरी ०.०१ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर ती फटच समजावी.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही एक वस्तू नाही

मुलांनी पहिल्यांदा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून एकच लांब चौकट केली होती. सरळ चालताना ते खपले, पण वळणावर ट्रॅक्टर एका कोनात आणि ट्रॉली दुसऱ्या कोनात असते, आणि दोघांच्या मधल्या खाचेत एखादी सायकल सहज उभी राहू शकते. अशी मुडपलेली आकृती बहिर्वक्र नाही, त्यामुळे आपला सिद्धांत तिला लागू पडत नाही. उपाय एकच : ट्रॅक्टरची वेगळी चौकट, ट्रॉलीची वेगळी. बंडीलाही बैलजोडीची एक आणि साठ्याची, म्हणजे माल भरायच्या भागाची, एक अशा दोन चौकटी द्याव्यात. कितीही वेडावाकडा आकार असो, तो बहिर्वक्र तुकड्यांत तोडला की प्रत्येक तुकड्याला ही रीत चालते.

मात्र हुकापाशी ट्रॅक्टर आणि त्याचीच ट्रॉली नेहमी एकमेकांवर येतात. ही जोडी टक्करीच्या तपासणीतून वगळावी आणि दोघांमधील कोनावर वेगळी मर्यादा घालावी, जेणेकरून मागे घेताना ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर चढणार नाही.

चौकटीचे माप ठरवणे हा गणिताइतकाच जाणिवेचा भाग आहे. कापसाची ट्रॉली काठोकाठ भरून वरून जाळी बांधलेली असते आणि कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला असतो. चित्रात तो फुगवटा दाखवावा, पण चौकट लोखंडी साच्याची, शक्य तर त्याहूनही दोन-तीन पिक्सेल आत घ्यावी. कापूस घासून गेला म्हणून कोणी डाव हरत नाही. लोखंड लागले तर मात्र आवाज व्हायलाच हवा. चित्राभोवती पारदर्शक जागा सुटलेली असेल, तर तीही मापातून वगळावी.

आवार भरल्यावर

४० वाहने असतील, तर तपासायच्या जोड्या ७८० होतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ४६,८०० तपासण्या. जुन्या लॅपटॉपवर हे जड जाते. इथे आधी बाजूला ठेवलेले वर्तुळ कामाला येते. दोन मध्यबिंदूंतील अंतराचा वर्ग त्रिज्यांच्या बेरजेच्या वर्गापेक्षा मोठा असेल, तर ती जोडी पुढे तपासायचीच नाही. दोन्हीकडे वर्गच घेतल्यामुळे वर्गमूळ काढण्याचा खर्चही वाचतो. आवारात दूर दूर उभ्या असलेल्या बहुतेक जोड्या इथेच गळतात आणि चार दिशांचा हिशेब फक्त जवळच्यांसाठी उरतो. भिंतीसारख्या लांब वस्तूंसाठी वर्तुळाऐवजी सरळ चौकटीची चाळणी लावावी.

वेगवान लहान वस्तूंबाबत एक सावधगिरी हवी. याच मुलांच्या दुसऱ्या गेममध्ये ज्वारीवरची पाखरे गोफणीने उडवायची आहेत. गोटा ६ पिक्सेलचा आणि वेग सेकंदाला १,२०० पिक्सेल, म्हणजे एका फ्रेमला २० पिक्सेल. समोरची भिंत ८ पिक्सेल जाड असेल, तर गोटा एका फ्रेमला अलीकडे आणि दुसऱ्या फ्रेमला पलीकडे सापडू शकतो. मधल्या टकरीची तपासणी कधी झालीच नाही. अशा वस्तूची एका फ्रेममधली चाल चार तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याला तपासावी.

तिन्ही मितींत गेम करायचा झाला, तरी विचार हाच राहतो. फक्त दिशा चारांच्या पंधरा होतात : प्रत्येक पेटीच्या तीन, आणि एकीची एक कड व दुसरीची एक कड यांच्या क्रॉस प्रॉडक्टमधून, म्हणजे दोन्हींना लंब असणारी दिशा देणाऱ्या गुणाकारातून, येणाऱ्या नऊ. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गॉटशाल्क, लिन आणि मनोचा यांनी १९९६ मध्ये तिरक्या पेट्यांची झाडासारखी रचना मांडताना हीच पंधरा दिशांची तपासणी वापरली होती. गोडो किंवा बॉक्सटूडी यांसारखी तयार साधने वापरलीत, तर यातले बहुतेक काम ती स्वतः करतात. तरीही पहिला गेम स्वतःच्या हिशेबाने करावा असे मी सांगतो, कारण तयार साधनात ट्रॉली भिंतीतून आरपार गेली, की चौकट चुकली, कोन चुकला की वेग जास्त झाला, हे कुठे पाहायचे ते असा हिशेब स्वतः केलेल्यालाच कळते.

सुरुवात करताना पडद्यावर दोनच आयत ठेवा, एक स्थिर आणि एक माऊसबरोबर सरकणारा, बाणाच्या कळांनी फिरणारा. फट असेपर्यंत दोन्ही हिरवे, फट मिटताच लाल. फिरणारा आयत (बंडी) न वळवता वर दिलेल्या दोन्ही जागांवर नेऊन, स्थिर आयताचा (ट्रॉलीचा) कोन ३० ठेवून, आकडे पडद्यावर छापा. पहिल्या जागी दुसऱ्या दिशेला २१ ची फट आणि दुसऱ्या जागी ३३.७ ची घुसखोरी आली, की त्या आयतांवर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची चित्रे चढवायला हरकत नाही.